बैठकीचा नारळ

आमचे जावई गिटार वाजवतात असं सांगितलं की बडोद्यातली आमची माणसं क्षणभर गप्प होतात. मग हळूच विचारतात, "ते झालंच, पण करतात काय?"

त्यांचाही दोष नाही. माझा सगळा संसार नागरवाड्यात झाला. तिथे कोणाचे आजोबा संस्थानच्या खासगीत, कोणाचे पणजोबा फडणिशीत. राज्य विलीन झालं त्याला जमाना झाला, पण आमच्या लोकांची नोकरीवरची भक्ती काही विलीन झाली नाही. मुलाला टक्कल असलं चालेल, तो बोलताना अडखळला तरी चालेल, पण तो "कायम" झालेला पाहिजे. वामनराव आमच्या लताला बघायला आले तेव्हा आमच्या ह्यांनी, म्हणजे भास्कररावांनी, चहा यायच्या आत विचारलं, "कायम झालात का?" वामनराव म्हणाले, "शनिवार-रविवार कायम आहे, बाकीचं बघतोय." लता आतल्या खोलीत हसली आणि तिथेच सगळं ठरलं. हे मात्र पुढे वर्षभर कोणी विचारलं की "जावई संगीतक्षेत्रात आहेत" असं छातीवर दगड ठेवून सांगायचे.

वामनरावांचं घराणंही आमच्यासारखंच. वडील कलेक्टर कचेरीत, मोठे बंधू वीज मंडळात. हे एकटेच बाराव्या वर्षी फतेगंजात पेरेरा मास्तरांकडे हवाईन गिटार शिकायला जायला लागले. ती गिटार मांडीवर आडवी ठेवतात आणि तारांवरून पोलादाची कांडी फिरवतात. आवाज असा येतो की ऐकणाऱ्याला उगीचच कोणाची तरी आठवण यावी. पुढे तिची फॅशन गेली. मग हे दुसरी गिटार शिकले, छातीशी धरून डाव्या हाताच्या बोटांनी तारा दाबायची ती. हवाईन गिटार जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर गेली.

आमचे हे वारल्यावर मी निजामपुऱ्यात लताकडे राहायला आले. भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये म्हणणाऱ्यांतली मी. येताना घरून पाण्याचा मोठा तांब्या भरून आणला होता. तो संपला तेव्हा वामनरावांनी भरून परत माझ्या उशाशी ठेवला. तेव्हापासून त्या घराचं पाणी मला चालतं.

त्यांचं काम मी तिथे जवळून बघितलं. सकाळी बाहेरच्या खोलीत शिकवण्या, दुपारी एका शाळेत मुलांच्या प्रार्थना बसवायच्या, लग्नसराईत ऑर्केस्ट्रा, कोणी भजनांची कॅसेट काढली तर तिथे. कुठलंच काम पुरेसं नाही, सगळी मिळून घर चालायचं. आणि ह्या सगळ्या तंबूचा मधला खांब म्हणजे नवरात्र. बडोद्यात नवरात्रात जो वाजवतो त्यालाच वर्षभर लोक बोलावतात. मोठ्या मैदानावर हजारो माणसं गोल फिरताना त्याला बघतात, आणि मग म्हणतात, आमच्या लग्नाला हाच पाहिजे.

नव्वदनंतर दिवस फिरले. कायम झालेल्यांच्या कंपन्या बंद पडू लागल्या. दोन गल्ल्या सोडून राहणारे एक गृहस्थ पंचेचाळिसाव्या वर्षी घरी बसले आणि दुपारी आमच्याकडे येऊन वामनरावांना विचारू लागले, नोकरीशिवाय दिवस कसा काढायचा. आम्हाला ह्याची सवय होती, म्हणून जरा बरं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात की-बोर्ड आला. एका पेटीत बासरी, व्हायोलिन, ढोल आणि गिटारसुद्धा. नऊ जणांचा ऑर्केस्ट्रा पाचांवर आला. व्हायोलिनवाले गेले, बासरीवाले गेले. वामनराव टिकले, कारण गरब्यात गिटारचा जो ठेका लागतो, छक्-छक्, फिरणाऱ्यांच्या पायांना ढकलणारा, तो अजून त्या पेटीला नीट जमत नव्हता. "अजून" हा शब्द वामनराव फार जपून म्हणायचे.

आता नारळाचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

गरब्याचे मालक मनहरभाई. त्यांच्या मंडळात बोलणी गणपतीत व्हायची, पण ती कच्ची. पक्कं व्हायचं ते नारळ हातात पडल्यावर. आणि गणपती संपले की श्राद्धपक्ष लागतो, ज्याला इथे सराद म्हणतात. सरादात मनहरभाई शुभाचं काही करत नसत. म्हणून नारळ यायचा तो घटस्थापनेच्या सकाळी, त्याच रात्री गरबा. मनहरभाई स्वतः स्कूटरवरून घरोघरी जाऊन नारळ द्यायचे. एका बैठकीला, म्हणजे वाजवणाऱ्याच्या एका जागेला, एक नारळ. मधला सगळा सराद म्हणजे नुसतं लटकणं. शब्द दिलेला आहे, पण बांधलेला कोणीच नाही.

अठ्ठ्याण्णव साली सराद लागला त्याच सकाळी वामनराव दूध घेऊन वर आले. पिशवी ओट्यावर टेकवली, पण पिशवीचा बंद त्यांच्या डाव्या हाताच्या बोटातून सुटेना. करंगळीशेजारचं बोट आकड्यासारखं वळलेलं. माझी पाठ आहे असं समजून त्यांनी उजव्या हातानं ते बोट धरून उघडलं. टक् असा आवाज झाला. तो आवाज माझ्या ओळखीचा. माझ्या अंगठ्यानं मला असाच छळला होता, पोळ्या लाटता लाटता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"वामनराव, माझा अंगठा आठवतोय ना? मग मला नका शिकवू."

ते खाली बसले. म्हणाले, श्रावणापासून. आधी सकाळी-सकाळी व्हायचं, आता वाजवतानाही अडकतं. तार दाबायला बोट जातं आणि परत यायला तयार नसतं. मग हात जोडले. "आई, लताला सांगू नका. एकदा नारळ हातात पडू दे."

"पडेल हो. पण हातातून सुटेल का?"

त्यांना हसू आलं नाही, आणि खरं तर मलाही नाही. मी त्यांना रविवारपर्यंत मुदत दिली. तोवर तुम्ही लताला सांगा, नाहीतर सोमवारी मी सांगते.

ते दिवस फार वाईट गेले. वामनराव दार लावून आत बसायचे आणि ते बोट सोडून बाकीच्या तीन बोटांवर सगळं जमवायचा प्रयत्न करायचे. मी बाहेर तांदूळ निवडत बसायची. मला सुरांतलं काही कळत नाही, पण ठेका ऐकून ऐकून माझा हातही त्या ठेक्यावर तांदूळ सारायचा. छक्-छक् चालू असायची, आणि मध्येच एके ठिकाणी आवाज मळका व्हायचा, माझा हात ताटात थांबायचा. परत पहिल्यापासून. परत तिथेच. शिकवणीला मुलं आली की वामनराव म्हणायचे, आज तुम्ही वाजवा, मी ऐकतो. मुलांना वाटलं सर एकदम प्रेमळ झाले.

लताला कळायचं राहतंय का? शाळेत शिकवते ती, चाळीस पोरांच्या मनातलं ओळखते. रविवारी त्यांनी सांगितलं तेव्हा म्हणाली, "मी वाट बघत होते." दुसऱ्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी सुई दिली आणि सांगितलं की दिवाळीपर्यंत ह्या बोटानं काही दाबायचं नाही. नऊ रात्री तारा दाबल्यात तर ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतर बोट पहिल्यासारखं चालेल अशी खात्री मी देणार नाही, म्हणाले.

लता म्हणाली, मनहरभाईंना सरळ सांगून टाका. वामनराव म्हणाले, ते होणार नाही. मग त्यांनी आम्हाला जगदेवरावांची गोष्ट सांगितली. लताला ती अर्धी ठाऊक होती, मला अजिबात नव्हती.

मनहरभाईंच्या गरब्यात वामनरावांच्या आधी जगदेवराव गिटार वाजवायचे. एका वर्षी ऐन घटस्थापनेला त्यांना काविळीनं गाठलं. मनहरभाई धावत-पळत वामनरावांकडे आले, म्हणाले नऊ दिवस सांभाळ. वामनरावांचं नवं रक्त, त्यांनी जीव ओतून वाजवलं. पुढच्या वर्षी नारळ वामनरावांकडेच आला. जगदेवराव त्यानंतर कुठेच वाजवताना दिसले नाहीत. आता ते खंडेराव मार्केटात मेहुण्याच्या फळांच्या गाळ्यावर बसतात.

"एकदा दुसरा माणूस बैठकीवर बसला की तो उठत नाही," वामनराव म्हणाले. "मी उठलो का?"

तेव्हा मला उलगडलं की हा माणूस भाजीला निजामपुऱ्यातल्या लाऱ्यांवर, म्हणजे हातगाड्यांवर, का जातो आणि खंडेराव मार्केटचं नाव काढलं की त्याला काम का आठवतं.

मी मात्र नेहमी मार्केटातच जाते. आमच्या ह्यांच्या तिथीला विठ्ठलमंदिरात शिधा द्यायचा होता, म्हणून बसनं गेले. भोपळा, कारली, गवार घेतली आणि केळ्यांसाठी फळांच्या बाजूला वळले. जगदेवरावांना मी चेहऱ्यानं ओळखत होते. इतकी वर्षं केळी घेतली, पण ह्या माणसाचं आमच्या घराशी काय नातं आहे हे मला त्या आठवड्यात कळलेलं. त्यांना बहुतेक पहिल्यापासून ठाऊक असावं.

केळी कागदात बांधता बांधता ते खालच्या आवाजात म्हणाले, "तुमच्या जावयांच्या हाताला काय झालंय?"

ही बातमी मार्केटात पोचली म्हणजे मनहरभाईंच्या घरी कधीच पोचली असणार. मी म्हटलं, काही नाही, जरा लचकलाय.

"लपवू नका म्हणावं," ते म्हणाले. "मला कावीळ आधीच झाली होती. डोळे पिवळे दिसत होते, मी काळा चष्मा लावून हिंडलो. वाटलं, नारळ पडेपर्यंत कोणाला कळू नये. मग पहिल्या रात्रीच आडवा झालो आणि मनहरभाईला ऐन वेळी धावाधाव करायला लावली. माझी बैठक वामननं नाही घेतली, बाई. मी आधी बोललो असतो, माझा माणूस मी माझ्या हातानं नेऊन बसवला असता, तर ती बैठक माझीच राहिली असती. हे त्याला सांगा. माझं नाव नका सांगू."

मी घरी आले आणि नावासकट सांगितलं. नावाशिवाय त्या बोलण्याला वजन काय?

वामनराव चप्पल घालून बाहेर पडले आणि तासाभरानं देवश्रीला घेऊन परत आले.

देवश्री त्यांची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. नागरवाड्यातलीच, एका शाळेत गणित शिकवते, अंगानं काडी. तिचा उजवा हात घड्याळासारखा चालायचा हे मला बाहेर बसून ठाऊक होतं. पण वामनरावांनी आपल्या कुठल्याही विद्यार्थ्याला नवरात्राच्या आसपास कधी फिरकू दिलं नव्हतं. तिनं ऐकलं आणि पहिलं वाक्य बोलली ते हे: "सर, मी बसले आणि चांगलं झालं तर तुमचं काय?"

"आणि वाईट झालं तर?" वामनराव म्हणाले.

"तर दोघांचंही."

ह्या मुलीला गणित खरंच येत होतं.

सराद संपेपर्यंत ती शाळेतून सुटली की सरळ आमच्याकडे यायची. वामनराव समोर बसून हातानं ठेका द्यायचे, गायक कुठे वर जातो, कुठे दम घ्यायला थांबतो, ढोलवाल्याकडे कधी बघायचं, सगळं ओतत होते. पण ज्या माणसाचे हात आयुष्यभर गुंतलेले, त्याला रिकामे हात घेऊन बसता येत नाही. एके संध्याकाळी त्यांनी स्टूल घेतलं आणि कपाटावरची चादर काढली. हवाईन गिटारवरची धूळ लतानं पुसली. पोलादाची कांडी अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत धरायची, दुखऱ्या बोटानं काही दाबायचं नाही, ते नुसतं मागून सरकत येतं. देवश्री ठेका धरून होती आणि वामनराव तिच्या मधल्या मोकळ्या जागांत उत्तरं देऊ लागले. लता पोळी तव्यावर ठेवून दारात आली. पोळी करपली.

अमावास्येच्या आधी मनहरभाई आले. सरादात ते कोणाकडे जात नाहीत, म्हणजे ऐकूनच आले होते. मला म्हणाले, "केम छो, बा?" चहा घेतला, खोल्यांच्या भाड्याचं विचारलं, पावसाचं बोलले. नजर सारखी वामनरावांच्या डाव्या हातावर. कप खाली ठेवून म्हणाले, "वामनभाई, हाथ बतावो ने."

वामनरावांनी हात पुढे केला. बोट मिटलं, उघडायला गेले, अडकलं. टक्. मनहरभाईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

वामनराव म्हणाले, "मनहरभाई, ह्या वर्षी ठेका माझ्याच्यानं होणार नाही. माझ्या जागी ही बसेल. मी शिकवलेली आहे, जबाबदारी माझी. मी बाजूला हवाईन घेऊन बसतो. नारळ तिला द्या. मला नाही दिलात तरी मी बसणार."

मनहरभाईंनी देवश्रीकडे बघितलं. मुलगी, त्यात इतकी बारीक. मग अर्धं गुजराती, अर्धं मराठी असं म्हणाले की त्यांच्या भाच्यानं नवा की-बोर्ड घेतलाय, त्यात गिटार छान वाजते म्हणे. वामनराव म्हणाले, वाजत असेल. देवश्रीनं न विचारता गिटार घेतली आणि ठेका सुरू केला. मनहरभाई ऐकत राहिले, पायाचा अंगठा हलत होता. पण उठताना एवढंच म्हणाले, "पडवानी सवारे जोईशुं."

पाडव्याच्या, म्हणजे घटस्थापनेच्या, सकाळी बघू. म्हणजे होही नाही आणि नाहीही नाही. त्या रात्री आमच्या घरात कोणी जेवलं असेल तर ती फक्त माझी नात ईशानी.

घटस्थापनेच्या सकाळी स्कूटर वाजली. देवश्री लवकर येऊन बसली होती. मनहरभाई वर आले, हातात एकच नारळ. वामनराव उभे, देवश्री उभी. मनहरभाईंनी दोघांकडे बघितलं, मग सरळ माझ्याकडे आले आणि नारळ माझ्या ओंजळीत ठेवला.

"बा, आ तमे राखो. बैठकीचा आहे. कोणाचा ते नंतर." आणि मग दोघांकडे वळून: "खोटुं ना लगाडता. पहेली रात बगडी, तो काले कीबोर्ड." म्हणजे वाईट वाटून घेऊ नका, पण पहिली रात्र बिघडली तर उद्या की-बोर्ड.

मी आयुष्यात वाद्य म्हणून फक्त देवाची घंटा वाजवलेली, आणि गरब्याची बैठक माझ्या ओंजळीत. नारळ देवापुढे ठेवला आणि दिवसभर तिकडे बघायचं टाळलं.

संध्याकाळी मी, लता आणि ईशानीनं मैदानावर लवकर जाऊन स्टेजच्या कडेला खुर्च्या धरल्या. आरती झाली. वाजवणाऱ्यांनी चपला काढल्या, देवीला नमस्कार केला आणि आपापल्या जागी बसले. ढोल, दोन गायक, की-बोर्डवर मनहरभाईंचा भाचा, देवश्री, आणि एका कडेला मांडीवर गिटार आडवी घेऊन वामनराव. माईकवाल्यानं विचारलंच, काका, हे काय घेऊन आलात?

सुरुवात संथ झाली. लोक कमी होते, गोल लहान होता. देवश्रीचा ठेका असा पडत होता की माझा हात मांडीवर आपोआप सरायला लागला. लतानं श्वास सोडला. मग माणसं भरत गेली. गोलाबाहेर गोल, त्याबाहेर अजून गोल, मैदानाच्या पार टोकापर्यंत. हजारो टाळ्या एकदम पडू लागल्या आणि माझा हात अडखळला.

ठेका मंदावत होता. थोडाच, पण मंदावत होता. ढोलवाल्यानं देवश्रीकडे डोळे वटारले. गायकानं मान वळवून मागे बघितलं. पुढच्या गोलातल्या बायकांची पावलं चुकली, दोघी एकमेकींवर आदळल्या. स्टेजखाली मनहरभाई उभे होते, ते भाच्याकडे बघायला लागले. देवश्रीचा चेहरा पांढरा पडला होता. ती जिवाच्या आकांतानं समोरच्या टाळ्यांबरोबर राहायला बघत होती, आणि जितकी राहायला बघत होती तितकी मागे पडत होती.

त्याचं कारण मला नंतर कळलं. मोठ्या मैदानावर लांबच्या माणसाची टाळी स्टेजपर्यंत उशिरा पोचते. त्या टाळीला धरून वाजवलं की आपणही उशिराचे होतो, मग ती टाळी अजून उशिरा येते. जुन्या वाजवणाऱ्याला हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते सांगायचं असतं हेच लक्षात राहत नाही. निजामपुऱ्याच्या खोलीत वामनरावांनी तिला सगळं शिकवलं आणि हे एक राहून गेलं. त्या खोलीत टाळी उशिरा येतेच कुठे?

त्या आवाजात ओरडून काही ऐकू जाणार नव्हतं. वामनरावांनी गिटार मांडीवर तशीच ठेवली, डावा पाय लांब केला आणि देवश्रीच्या खुर्चीच्या पायाला जोरात रेटा दिला. खुर्ची फिरली. देवश्रीचं तोंड ढोलाकडे झालं आणि पाठ मैदानाकडे. तिनं दचकून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी हनुवटीनं ढोल दाखवला, बस्स.

पुढची काही आवर्तनं मी श्वास घेतला की नाही आठवत नाही. तिनं डोळे ढोलवाल्याच्या हातावर रोवले. छक् परत ढोलावर आली. वामनरावांची कांडी तारांवरून सरकली, आणि तो जुना, फॅशन गेलेला, आठवण करून देणारा आवाज अख्ख्या मैदानावरून गेला. पुढच्या गोलातल्या एका बाईनं फिरता फिरता मान वर करून स्टेजकडे बघितलं, आवाज कुठून येतोय म्हणून. मग दुसरीनं. माझा हात परत मांडीवर सरायला लागला होता. मनहरभाई भाच्याकडे बघायचे थांबले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्कूटरची वाट बघितली. स्कूटर आली नाही. येऊन बैठक काढून घेतली नाही, म्हणजे आज रात्री वाजवायचं, असा त्याचा अर्थ लतानं काढला. रोज सकाळी तसंच. देवश्री दहावी-बारावीच्या वह्या तपासत तपासत मैदानावर पोचायची. तिच्या बोटांना फोड आले, मी तूप लावून दिलं. रोज ती खुर्ची तशीच तिरकी. लोक विचारायचे, ती मुलगी पाठ फिरवून का बसते, कोणावर रुसली आहे का.

दसऱ्याला मनहरभाई फाफडा-जिलबी घेऊन आले. मी देवापुढचा नारळ आणून त्यांच्यासमोर ठेवला. म्हटलं, आता सांगा, कोणाचा? त्यांनी तो दारात फोडला, एक वाटी देवश्रीला दिली, एक वामनरावांना. मग जिलबी खात म्हणाले की पुढच्या वर्षी ठेक्याची बैठक देवश्रीची. वामनभाई बाजूला बसतील, पण दोन बैठका मंडळाला परवडतात का ते बघावं लागेल.

खोटं कशाला सांगू, वामनरावांचा चेहरा उतरला. जे जायला नको म्हणून इतके दिवस धडपडले ते गेलंच होतं. बोट पुढे सुटलं, पण नऊ रात्री तारा दाबण्याइतकं परत कधीच झालं नाही. ठेक्याची बैठक त्यांना पुन्हा मिळाली नाही.

पण बाजूची मिळाली, आणि ती राहिली. मैदानावरचा तो आवाज ऐकून भजनाच्या कॅसेटवाल्यांनी बोलावलं, मग लग्नवाल्यांनी. शिकवणीत आता दोन्ही गिटारी शिकवतात. आणि एक गोष्ट त्यांनी बदलली. चांगला तयार झालेला प्रत्येक जण ते आपल्याबरोबर कुठे ना कुठे वाजवायला नेतात, आपण बाजूला बसतात, आणि पहिल्या दिवशी आधी टाळीचं सांगतात. कोणाला ताप आला की दुसरा जातो, आणि ताप उतरला की पहिला परत जाऊन आपल्या खुर्चीवर बसतो. वीज मंडळातले मोठे बंधू निवृत्त झाले तेव्हा म्हणाले, "वामन, तू निवृत्त कधी होणार?" वामनराव म्हणाले, "दादा, आधी कायम तर होऊ दे."

त्या दसऱ्याचं एवढंच सांगायचं राहिलं. दोन्ही वाट्यांच्या खोबऱ्याच्या मी वड्या केल्या, कारण देवश्रीनं तिची वाटी आमच्याकडेच ठेवली होती. थोड्या वड्या डब्यात घालून मी वामनरावांपुढे ठेवल्या आणि म्हटलं, खंडेराव मार्केटात नेऊन द्या. त्यांना काम आठवायच्या आत लतानं चप्पल पुढे केली.

दुपार टळून गेल्यावर परत आले. डबा रिकामा, हातात सीताफळांची पिशवी. मी सीताफळं दाबून बघितली. सगळी दगड.

"वामनराव, ही तर कच्ची आहेत."

"मीही तेच म्हणालो," ते म्हणाले. "जगदेवराव म्हणाले, नाही पिकली तर परत घेऊन ये."

पुढच्या आठवड्यात ते आपणहून पिशवी घेऊन मार्केटात गेले. ती सीताफळं पिकली होती का, ते मी बघितलं नाही.